सुप्याच्या माळापासून ताडोब्यापर्यंत: पुणेकरांसाठी जंगल पाहण्याचा एका हंगामाचा आराखडा

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा, आणि त्यातलं एकही पुणे जिल्ह्यात नाही. त्यामुळे जंगल बघायचं मनात आलं की पुणेकर थेट ताडोब्याचं बुकिंग करतो. मीही तेच केलं होतं. जंगलात गाडीतून चार फेऱ्या झाल्या, वाघ एकदाच दिसला, तोही फार तर चाळीस सेकंद. दुसऱ्या फेरीत गाइडनं हात वर करून गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, "कॉल येतोय." मागच्या सीटवरचा माझा मेव्हणा खिसे चाचपायला लागला. फोन तर गेटवरच ठेवून आलो होतो! कॉल म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावर सांबर, चितळ, वानर जो इशारा देतात तो, हे आम्हा सहा जणांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. गाइड ऐकत होता आणि आम्ही "कुठंय, कुठंय" करत त्याचं ऐकणं बंद पाडत होतो.

पुढच्या वेळी वडिलांना घेऊन जायचं ठरलं तेव्हा उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी टेकडी, मग माळ, मग भीमाशंकर आणि शेवटी ताडोबा. नोव्हेंबर ते एप्रिल एवढा एक हंगाम लागतो. खर्च जवळपास सगळा शेवटच्या टप्प्याला, पण त्या खर्चाचं चीज आधीच्या तीन टप्प्यांमुळे होतं.

पहिला टप्पा: घराजवळची टेकडी आणि सातभाई

दुर्बीण घ्यायची असेल तर आत्ताच घ्या, ताडोब्याच्या आदल्या दिवशी नको. ८×४२ लिहिलेली घ्या. आठ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार "साहेब, वीस पट घ्या" म्हणेल, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. दहाच्या पुढे गेलात की हाताची थरथरही तितकीच मोठी होते, आणि जंगलात फिरवणाऱ्या उघड्या जिप्सी गाडीत तर काहीच स्थिर राहत नाही. डोळ्याला लावण्याची सवय व्हायला आठवडे लागतात. नवखा माणूस दुर्बिणीतून पक्षी शोधतो. शोधायचं नुसत्या डोळ्यांनी असतं. नजर त्याच जागी खिळवून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची.

वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलावाचा काठ, जे घराजवळ असेल ते चालेल. फक्त व्यायामाच्या वेळेत व्यायाम आणि बघण्याच्या वेळेत बघणं, दोन्हीची सरमिसळ नको. सकाळी साडेसहाला एका जागी वीस मिनिटं बसायचं. बोलायचं नाही. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही, कारण तुम्ही आल्याची दखल सगळ्यांनी घेतलेली असते. मग हळूहळू सातभाई, म्हणजे टोळीनं फिरणारे मातकट पक्षी, जमिनीवर उतरतात, पालापाचोळा उलटायला लागतात, आपापसात कुरकुरत राहतात. ती कुरकुर नीट ऐकून ठेवा. कधीतरी ती एकदम बदलते. सगळे मिळून कर्कश कालवा करतात आणि झुडपात घुसतात. अशा वेळी वर बघितलं तर बहुतेकदा शिक्रा हा शिकारी पक्षी असतो, खाली बघितलं तर मुंगूस किंवा मांजर.

हाच तुमचा पहिला कॉल. ताडोब्यात आवाज मोठा आणि जनावर मोठं, एवढाच फरक. वडिलांना हे टेकडीवर तिसऱ्या रविवारी जमलं. मला जरा जास्त वेळ लागला, कारण मला बोलायची सवय.

एक छोटी वही ठेवा. वेळ, जागा, काय ऐकलं, काय दिसलं. मोबाइलवर नको, कारण शेवटच्या टप्प्यात मोबाइल हातात नसणार आहे.

दुसरा टप्पा: सुप्याचा माळ

डिसेंबर-जानेवारीत एका सकाळी बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य करा. सोलापूर रस्त्यानं हडपसर, यवत करत चौफुल्यापर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडे सुप्याच्या वाटेला लागायचं. (चौफुला म्हटल्यावर काही पुणेकरांना दुसरंच काही आठवतं, पण आपण पहाटे निघालोय.) पुण्यातून दीड-दोन तास लागतात. सूर्योदयाला फाटकावर पोचायचं तर साडेचारच्या सुमारास घर सोडा. हडपसरची गर्दीही त्यामुळे चुकते.

हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं आणि जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, "अहो, हे तर पडीक रान!" बोरी, बाभळी, हेपटी, पिवळं पडलेलं गवत. पण हे उजाड झालेलं जंगल नव्हे. पाऊस कमी आणि माती उथळ असली की निसर्ग तिथं गवताळ माळच तयार करतो, आणि चिंकारा राहतो तो याच माळावर. दाट जंगलात त्याला धावता येत नाही आणि दूरचं दिसतही नाही.

चिंकारा म्हणजे शेळीएवढं हरीण. तांबूस पाठ, पांढरं पोट, तोंडावर डोळ्यापासून खाली उतरणारे पट्टे आणि सतत हलणारी काळी शेपटी. शोधताना अख्खं जनावर शोधू नका, शेपटीची हालचाल शोधा. गवतात बाकी सगळं मिसळून जातं. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा, वाट सोडू नका, आणि गाडीत असाल तर गाडीतच थांबा. चिंकारा गाडी सोसतो, पायी चालणारा माणूस त्याला चालत नाही. दचकला की तो पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढतो. तेवढं ऐकू आलं की तुम्ही गरजेपेक्षा जास्त जवळ गेला आहात. दोन पावलं मागे या. वडिलांनी वहीत लिहिलं होतं: "७.१०. शिंकला. आपल्यामुळे."

थंडीत माळावर वर बघायलाही विसरू नका. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थंडीत उत्तरेकडून येतात आणि गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून तरंगत जातात. भोवत्या येताना चंडोल कसे चिडीचूप होतात तेही ऐकण्यासारखं आहे. कॉल म्हणजे दर वेळी आवाजच असतो असं नाही, चालू असलेला आवाज थांबणं हाही कॉलच.

अभयारण्य लहान असल्यानं दोन-अडीच तासांत मन भरतं. ऊन चढलं की चिंकारा सावलीला बसतो आणि मग काही दिसत नाही. परतताना मोरगावचा मयूरेश्वर आणि जेजुरी करून सासवडमार्गे या, म्हणजे घरातल्या ज्यांना जंगलात रस नाही तेही खूश. ज्यांना माळाची गोडी लागेल त्यांच्यासाठी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला वन विभागाची गवताळ प्रदेशाची सफारी आहे. तिथं लांडगा दिसण्याची शक्यता असते. माझ्या मते पुण्याच्या इतक्या जवळ लांडगा दिसू शकतो, ही ताडोब्याच्या वाघापेक्षा मोठी बातमी आहे.

मध्येच एक काम: ताडोब्याचं बुकिंग

सुप्याहून आलात की त्याच आठवड्यात हे उरका. भीमाशंकरपर्यंत थांबलात तर एप्रिलच्या तारखा गेलेल्या असतील. आणि इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ताडोब्याला गाभा आणि बफर असे दोन भाग आहेत. १९५५ साली जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून १९८६ साली झालेलं अंधारी अभयारण्य मिळून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. हा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. त्याभोवतीचं, गावं-शेतं अधूनमधून असलेलं जंगल म्हणजे बफर. गाभ्याची मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी अशी फाटकं आहेत. बफरची वेगळी: आगरझरी, जुनोना, देवाडा, अलिझंझा, मदनापूर आणि आणखी काही.

आधी फाटक ठरवा, मग मुक्काम. आम्ही पहिल्या वेळी हे उलटं केलं. एका एजंटानं हॉटेल कोलाऱ्याच्या बाजूला दिलं आणि फेऱ्या मोहर्लीच्या काढल्या. नकाशावर दोन्ही "ताडोबा"च. पण मध्ये जंगल आहे आणि त्यातून गाडी जात नाही, बाहेरून वळसा घालावा लागतो. सकाळच्या फेरीसाठी आम्ही रात्री तीनला निघायचो आणि जिप्सीत डुलक्या काढायचो. मेव्हण्यानं अस्वल पाहिलं नाही ते याच कारणानं.

साधा हिशेब असा: चंद्रपूरला उतरणार असाल तर मोहर्ली आणि तिच्या आसपासची आगरझरी, जुनोना, देवाडा ही फाटकं. नागपूरला उतरणार असाल तर चिमूरच्या बाजूचं कोलारा, नवेगाव, अलिझंझा, मदनापूर. एका बाजूलाच राहा आणि दोन्हीकडं जायचा मोह टाळा.

किती फेऱ्या? चार. दोन गाभ्याच्या, दोन बफरच्या. दोनच केल्यात तर एखादी पावसानं किंवा नुसत्या नशिबानं वाया गेल्यावर हळहळ वाटते. सहा केल्यात तर पाचवीला पाठ बोलायला लागते. बफरला कमी लेखू नका, वाघाला हद्दीचा दगड वाचता येत नाही.

दिवस बघताना मंगळवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंद. शनिवार-रविवारचे दर जास्त आणि गर्दीही जास्त, म्हणून बुधवार-गुरुवार उत्तम. बुकिंग वन विभागाच्या मायताडोबा या सरकारी संकेतस्थळावरूनच करा. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसणारं पान सरकारी असेलच असं नाही. पैसे भरण्यापूर्वी पत्त्यात महाफॉरेस्ट (mahaforest) आणि शेवटी gov.in ही सरकारी खूण आहे का ते पाहा. नावं आणि ओळखपत्राचे क्रमांक ओळखपत्रावर आहेत तसेच टाका. घरी ज्यांना सगळे "नाना" म्हणतात त्यांचं नाव आधारवर वेगळंच असतं, आणि फाटकावर पहाटे साडेपाचला तो वाद घालायची इच्छा नसते. मूळ ओळखपत्र सोबत हवं, झेरॉक्स नाही.

एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाइड. सहा जण जमवलेत तर खर्च वाटला जातो. पण खरं सांगायचं तर चार जणांत बघणं जास्त होतं.

महिना कोणता? मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य मला सगळ्यात आवडतो. मे महिन्यात पाणवठ्यांवर जनावरं हमखास येतात, पण चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर तो खेळ करू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत उंच असतं. मार्चमध्ये पानगळ झालेली असते, पळस फुललेला असतो आणि मोहाची फुलं पडायला लागलेली असतात. मोहाखाली पहाटे अस्वल येतं, कारण त्यालाही ती फुलं आवडतात.

तिसरा टप्पा: भीमाशंकर आणि शेकरू

माळावर नजर लांब जाते. भीमाशंकरला ती दहा फुटांवर पानांत अडकते, म्हणून हा टप्पा वेगळा. १९८५ साली जाहीर झालेलं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य मुख्यतः शेकरूसाठी ओळखलं जातं. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास लांब.

वाट राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे. एसटीनं जायचं तर वाकडेवाडीच्या स्टँडवरून गाडी मिळते, पण पहाटे पोचायचं असेल तर स्वतःची गाडी हवी, किंवा आदल्या रात्री घोडेगाव-तळेघरच्या बाजूला मुक्काम. मंचर-घोडेगावच्या पट्ट्यात अंधारात उसाच्या कडेला गाडी थांबवून पाय मोकळे करू नका. हा बिबट्याचा मुलूख आहे. पेट्रोल पंप किंवा चहाची टपरी येईपर्यंत दम धरा.

श्रावण, महाशिवरात्र, सोमवार आणि सुट्टीचे दिवस शेकरूसाठी नाहीत, ते देवदर्शनासाठी. जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा मंगळवार-बुधवार घ्या. मंदिराच्या मागून गुप्त भीमाशंकराकडे जाणारी पायवाट धरा आणि मंदिराचा गलका मागे पडला की थांबा.

आता मान वर. आधी घरटी शोधा, शेकरू नंतर. उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पानांचा फुटबॉलएवढा गोळा दिसतो. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतो आणि आलटून पालटून वापरतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कुणी आहेच असं नाही. हिरवी पानं अजून ताजी असतील तर घरटं वापरात आहे. त्या झाडापासून वीस-पंचवीस पावलं लांब, खोडाला टेकून उभे राहा.

वडिलांना मानदुखी आहे, म्हणून ते चक्क सतरंजी टाकून उताणे झोपले. पंधरा मिनिटांत त्यांनीच पहिला पाहिला. वरून अर्धवट खाल्लेल्या फळाच्या साली टपटप पडत होत्या. त्या सालींच्या रेषेत वर बघितलं तर मागच्या पायांनी फांदीला धरून शेकरू उलटा लटकलेला, दोन्ही हातांत फळ. पाठ विटकरी, पोट फिकट पिवळं, शेपूट खाली सोडलेलं. आम्ही दिसल्यावर त्यानं खाणं थांबवलं आणि लाकडी खुळखुळा जोरात वाजवावा तसा आवाज केला. दुसऱ्या झाडावरून उत्तर आलं. मग एकच झेप, वीस फूट तरी असेल, आणि फांदी नुसती हलत राहिली. वहीतला तिसरा कॉल.

वाटेवरचं जंगल निव्वळ झाडं म्हणून बघू नका. इथल्या देवराया महादेव कोळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, आणि हिरडा गोळा करणं हे आजही इथल्या घरांचं उत्पन्न आहे. वाटेत हिरडे वाळत घातलेले दिसले तर त्यावरून चालू नका, आणि शेकरूला बिस्किट, शेंगदाणे टाकू नका. टाकणारा शेजारी दिसेलच; मी तरी बोलतो, भांडण झालं तरी.

चौथा टप्पा: ताडोबा

पुणे-नागपूर वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून सुरू झाली. दिवसभराचा, सुमारे बारा तासांचा प्रवास. रात्रीच्या गाड्याही आहेत. कोणतीही घ्या, पण पोचायच्या दिवशीची फेरी बुक करू नका. गाडी दोन तास उशिरा आली की जिप्सी थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीनं निघालात तर अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करत समृद्धी महामार्ग गाठता येतो. त्या सरळ काँक्रीटवर टायर तापतात आणि डोळे मिटतात. निघण्यापूर्वी टायर तपासा आणि दर दोन तासांनी थांबा.

सामान थोडंच. मातकट, खाकी, हिरवट कपडे, पूर्ण बाह्यांचे. धूळ इतकी असते की नाक-तोंडाला पंचा हवाच. मार्चमध्येही पहाटे उघड्या जिप्सीत वारा बोचतो, विंडचीटर ठेवा. पाणी धातूच्या बाटलीत. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे घड्याळ लावून जा, वही-पेन्सिल खिशात ठेवा. अत्तर, डिओ काहीही नको.

ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. जिप्सीची पायरी उंच असते, चालकाला स्टूल मागा, बहुतेकांकडे असतं. आणि त्यांना सगळ्यात मागच्या उंच सीटवर बसवू नका. दृश्य तिथून छान दिसतं, पण प्रत्येक खड्डा कंबरेत बसतो. फेरीपूर्वी बाथरूम उरकून घ्या, आत गाडीतून उतरता येत नाही.

फेरी सुरू होताना गाइडला एकच वाक्य सांगा: "वाघ दिसला नाही तरी चालेल, जंगल दाखवा." गाइड मोहर्ली-कोलाऱ्यासारख्या आसपासच्या गावांतलेच असतात, आणि एरवी प्रत्येक जिप्सीतून त्यांच्यावर वाघाचा तगादा असतो. आमचा गाइड हे ऐकून मोकळा झाला. चालकाला म्हणाला, "हळू घे," आणि वाटेवरच्या धुळीत बोट दाखवलं. वाघाचा ठसा होता. "बघा, टायरच्या नक्षीवर ठसा पडलाय. म्हणजे सकाळची पहिली गाडी गेल्यावर हा इथून गेला. टायर ठशावरून गेलं असतं तर रात्रीचा म्हटलं असतं." मग बोटांच्या खुणा दाखवल्या: नराचा ठसा चौकोनी, मादीचा जरा लांबट. इंजिन बंद केलं आणि आम्ही बसून राहिलो.

आता कानांची परीक्षा. वानराचा कॉल खोकल्यासारखा, खॅक-खॅक. त्याला वरून दिसतं म्हणून बहुधा पहिला तोच. चितळ तीक्ष्ण ओरडतं, पण चितळ भित्रं. कधी कधी उगाचच. सांबराचा आवाज घुमणारा, ढाँक, आणि सांबर सहसा खोटं बोलत नाही. सांबर एकाच जागी तोंड करून पुन्हा पुन्हा ओरडत असेल तर त्याच्या तोंडाकडे नव्हे, ते तोंड जिकडे आहे तिकडे बघा. आवाज पुढे सरकत गेला तर जनावर चालतंय. एकदम थांबला तर ते बसलं किंवा निघून गेलं.

आम्ही अर्धा तास ऐकत होतो. वडिलांनी सातभाईंची कुरकुर थांबल्याचं गाइडच्या आधी टिपलं. त्यानं मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि हसला. मग बांबूच्या बेटातून सांबर तीनदा ओरडलं, तिसऱ्यांदा लांबून. बांबू हलला. बाहेर काही आलं नाही. दोन गाड्या धूळ उडवत आल्या, "काही आहे का?" विचारून गेल्या.

तिथून तलावाकडे गेलो. ताडोबा हे नाव तारू या आदिवासींच्या देवावरून आलं, त्याचं स्थान तलावाकाठीच आहे. पाण्यात मगर, काठावर चितळं, पलीकडे गवे. मोहर्लीच्या वाटेवरचे गोंड काळातले दगडी खांबही थांबून बघा, बहुतेक गाड्या ते मागे टाकून पळतात. आणि पानगळीच्या जंगलात एखादं पांढरंफटक, भुतासारखं झाड दिसलं तर ते कांडोळ. साल सुटून खोड चकाकतं.

फेरी संपल्यावर गाइडला वेगळे पैसे द्यायचे तर हातात द्या, "वाघ दाखवलात म्हणून" असं म्हणून नको. आमच्या चार फेऱ्यांत या वेळीही वाघ एकदाच दिसला, बफरमध्ये, शेवटच्या संध्याकाळी.

परत आल्यावर दुर्बिणीची भिंगं आधी ब्लोअरनं झटका, मग पुसा. ताडोब्याची धूळ फडक्यानं थेट घासली तर चरे पडतात. कपडे दोनदा धुवावे लागतील. वही सोलापूर रस्त्याच्या पुढच्या फेरीसाठी तशीच बॅगेत ठेवा. आमच्या वहीत त्या सकाळचं पान वडिलांच्या अक्षरात आहे: "६.५०. सातभाई गप्प. ६.५५ सांबर तीनदा. बांबू हलला. वाघ दिसला नाही, पण होता."